दोनदा गाळलेला रस

ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. ऑक्टोबर संपत आला होता, कैरोतल्या आमच्या शुब्राच्या रस्त्यांवर हातगाड्या पेरूंनी भरल्या होत्या आणि आमच्या वरच्या मजल्यावर शाकिरच्या दुखवट्याचा दुसरा दिवस होता. तिसऱ्या प्रहराची अजान होऊन गेल्यावर मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मिक्सरचं बटण दाबलं. घडलं ते एवढंच. आवाज फार तर वीस सेकंद झाला असेल. मिक्सरला मी अंघोळीचा जाड टॉवेल गुंडाळला होता, खिडकी ओढून घेतली होती, तिच्या फटीत फडकं कोंबलं होतं. वर कुराणपठणाची कॅसेट चालू होती. त्या आवाजाखाली माझा आवाज दबेल असा माझा हिशोब होता. नेमकी त्याच वेळी कॅसेटची एक बाजू संपली. ती उलटायला कोणी उठलं असेल, आणि त्या मधल्या शांततेत माझा मिक्सर सगळ्या इमारतीला ऐकू गेला. मी बोट काढलं. काही क्षण काहीच नाही. मग वरच्या स्वयंपाकघराची खिडकी लागली. आपटली नाही. कोणीतरी ती सावकाश ओढून घेतली आणि कडी फिरवली. ती कडी गंजलेली होती, फिरताना कुरकुरायची. तेरा वर्षं रोज सकाळी मी ती उघडताना ऐकत आले होते. भर दिवसा लागताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मी बाहेर डोकं काढून वर पाहायला हवं होतं, हाक मारायला हवी होती, पण मी टॉवेल सोडवत बसले. तो ओला झाला होता. आमच्या इमारतीच्या पोटातून तळापासून गच्चीपर्यंत एक उभी पोकळी गेलेली आहे, मनवर म्हणतात तिला. सगळ्यांची स्वयंपाकघरं तिच्यावर उघडतात. ऊन तिच्यात फक्त जूनमध्ये, अर्धा तास उतरतं. एरवी तिच्यातून वास आणि आवाज येतात. कोणी लसूण कधी परतला, कोणाची डाळ लागली, कोणाचा नवरा चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरला, सगळं कळतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, तफिदा चौथ्यावर. आमची ओळख जिन्यात झालीच नाही, ती त्या पोकळीतच झाली. राहायला आल्यावर आठवड्याच्या आत वरून एक टोपली दोरीने खाली आली आणि माझ्या खिडकीच्या काचेवर टकटक आपटली. टोपलीत मिठाची रिकामी वाटी. वरून आवाज : "अगं खालची, तुझं नाव काय ते नंतर सांग, आधी मीठ दे. माझी भाजी उकळतेय." मी मीठ दिलं आणि नाव सांगितलं. "इन्साफ? न्याय? मग मापात दे, न्यायाने!" तेव्हापासून ती टोपली दिवसातून चारदा खाली यायची. कांदे, औषधं, मुलीची शिवायला दिलेली फ्रॉकं, निरोप, कधी नुसतीच रिकामी, म्हणजे खिडकीत ये, बोलायचंय. मला मूलबाळ नव्हतं. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तिची नग्वा अर्धी माझ्याकडेच वाढली, आणि तीही बऱ्याचदा टोपलीतून यायला निघायची, दोघींनी ओरडून थांबवायचं.

मिक्सर शाकिरने, तफिदाच्या नवऱ्याने, आणला. तो कुवेतमध्ये थंड हवेच्या यंत्रांची दुरुस्ती करायचा, वर्षातले अकरा महिने. ऑगस्टमध्ये यायचा, आणि ऑगस्ट म्हणजे आंबे. एका वर्षी खोकं खांद्यावर घेऊनच जिना चढला. नारिंगी बुडाचा, जड काचेच्या भांड्याचा मिक्सर. आमच्या इमारतीतला पहिला. सगळ्या बायका तफिदाच्या स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभ्या, आणि शाकिर मध्ये, बाह्या सरसावून, जादूगारासारखा. आंब्याच्या फोडी घातल्या, दूध घातलं, बर्फ घातला, "बघा आता" म्हणाला आणि झाकण न लावता बटण दाबलं. रस छताला लागला. त्याच्या मिशीवरून, भुवयांवरून ओघळला. तफिदा ओट्याला धरून खाली बसली, हसून हसून तिला श्वास घेता येईना. "अकरा महिने बाहेर राहून हे शिकून आलास?" तो जीभ बाहेर काढून मिशी चाटत म्हणाला, "साखर कमी आहे." छतावरचा तो पिवळा डाग पुसूनही गेला नाही. संध्याकाळी तो मला म्हणाला, "इन्साफ, हे काही मी एकट्या तफिदासाठी आणलेलं नाही. तुम्ही दोघी तर चूलसुद्धा दोरीने वरखाली करता. दोन घरांत एक पुरे." मी म्हटलं, "पण आधी कोणी वापरायचा?" त्याच्या आधी तफिदाच बोलली, "जिचा नवरा घरात असतो तिने. माझा काय, आंब्यासारखा, वर्षातून एक महिना."

म्हणून मिक्सर टोपलीतून खाली यायचा. आधी भांडं, मग बूड, वायर गुंडाळून. उन्हाळ्यात आंबा, मग पेरू, थंडीत स्ट्रॉबेरी, आणि अधूनमधून दुधात खजूर. फिक्रीला तेव्हा त्याचं वेड लागलं. फिक्री, माझा नवरा, छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्यामुळे त्याची नजर सगळीकडेच तशी फिरायची. पेरूच्या रसात एखादी बी सापडली की ती जिभेच्या टोकावर आणून बशीच्या काठावर ठेवायचा आणि माझ्याकडे बघायचा, काही बोलायचा नाही. मी म्हणायची, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू." मग हसायचा. पेरूचं असं आहे की मिक्सर जास्त वेळ फिरवला तर बिया फुटतात आणि सगळा रस रेवाळ, कडसर होतो. नुसता एक फेरा द्यायचा, थोड्या पाण्यावर. गर सुटला की थांबायचं. मग चाळणीतून गाळायचं, मग पुन्हा एकदा मलमलीतून, पिळून, आणि दूध-साखर त्यानंतर. दोनदा गाळायचा. मी शिवण शिकवणारी, मलमलीचे तुकडे घरात पुष्कळ.

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये त्याला पक्षाघात झाला. छापखान्यात, खुर्चीतच. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली, फक्त एक शब्द राहिला. का तोच राहिला, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. उद्या. पाणी हवं असलं तरी उद्या, दुखत असलं तरी उद्या, खिडकी लाव, पडदा सरकव, तू कुठे होतीस, सगळं उद्या. आवाजाच्या चढउतारावरून मी अर्थ लावायची. सुरुवातीला मला रडू यायचं, मग हसू यायला लागलं, मग दोन्ही थांबलं. चावता येत नव्हतं. गिळताना ठसका लागायचा, छातीत काही गेलं तर जिवावर बेतेल असं सांगितलेलं होतं. सकाळी मटणाचा गाळलेला रस चमच्याने, आणि दुपारी शाळेतून आल्यावर फळाचा ग्लास, तेच त्याचं मुख्य जेवण. केळं त्याला आधीपासूनच चालत नव्हतं, आता तर थुंकायचाच. पेरू सुरू झाल्यावर त्याला दुसरं काही नको झालं. ओठांना एखादी बी, एखादी गाठ लागली की तोंड मिटून घ्यायचा, आणि मग तासभर उघडायचा नाही. डावा डोळा माझ्यावर रोखलेला. आवृत्ती नामंजूर.

मी बेचाळीस मुलींच्या वर्गातून साडेतीनला सुटायची. आमच्याच मजल्यावरची एक शेजारीण अर्धा दिवस त्याच्याजवळ बसायची, ती मी जिन्यात दिसले की निघायची. जिना चढताना मला प्रत्येक मजल्यावर कठडा धरावा लागायचा. वय चाळीस. आज मागे वळून बघते तेव्हा ती बाई मला माझ्यापेक्षा म्हातारी वाटते. घरात शिरल्याबरोबर त्याला कूस बदलून द्यायची, चादर बघायची, मग हात धुऊन पेरू. माझ्या अंगाला कायम पेरूचा वास यायचा. शाळेतल्या बाईंना आमच्याकडे अब्ला म्हणतात; पोरी म्हणायच्या, अब्ला आली, अब्लाचा वास आला. तफिदा वरून ओरडायची, "इन्साफ, बस जरा पाच मिनिटं. वर ये, चहा घे. तो काही पळून जाणार नाही." मी म्हणायची, "उद्या." आणि दोघी त्या पोकळीत वरखाली हसायचो. असं हसणं बरं नव्हतं. पण तेवढंच होतं.

शाकिरची बातमी शनिवारी दुपारी आली. कुवेतहून, शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या फोनवर. कामावरच, एका इमारतीच्या गच्चीवर, हृदय थांबलं. मिक्सर त्या दिवशी माझ्याकडे होता. आदल्या संध्याकाळी टोपलीतून आलेला, मी अजून परत केला नव्हता. तफिदाची किंकाळी जिन्यातून नाही, मनवरमधून आली. मी तशीच धावले, हाताला गर लागलेला. ती फरशीवर बसून स्वतःचे गाल ओरबाडत होती. मी तिचे हात धरले. ते हात धरल्यामुळे तिच्या बाह्यांना पेरू लागला. ती म्हणाली, "ऑगस्टमध्ये गेला तेव्हा म्हणाला होता, पुढच्या वर्षी कायमचा येतो." मग म्हणाली, "येतोय की." शवपेटी मंगळवारी विमानाने आली, त्याच दिवशी दफन झालं. गल्लीत मांडव पडला, पुरुष खुर्च्यांवर रांगेत बसले, वर बायका जमिनीवर. बिनसाखरेची काळी कॉफी. मी कप विसळत होते, भरत होते, उचलत होते. "त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो," प्रत्येक बाई तफिदाला म्हणायची, आणि ती दर वेळी मान हलवायची, जणू कोणी तिला एखादा पत्ता सांगत होतं.

अशा वेळी इमारतीला काही सांगावं लागत नाही. रेडिओ बंद होतात. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा साखरपुडा होता, त्यांनी आपणहून महिनाभर पुढे ढकलला. कोणी मासे तळत नाही, कोणी मुलुखियाच्या पालेभाजीला लसणाची फोडणी देत नाही, कारण तिचा चर्र आवाज आणि वास म्हणजे घरात सगळं ठीक आहे असं सांगणं. चमचासुद्धा कपात हलकेच फिरतो. आणि मिक्सर तर आनंदाचा आवाज. पाहुणे आले, मुलगी बघायला आले, मुलगा पास झाला, की मिक्सर. त्यात तो मिक्सर त्याचा. सगळ्या इमारतीला त्याचा आवाज ओळखू येत होता.

पहिल्या दिवशी, मंगळवारी, मी रस हाताने काढला. हे मला पक्कं आठवतं, कारण पुढे वर्षभर मी स्वतःशी ते नाकारत होते. जास्त पिकलेले पेरू निवडले, सोलले, चाळणीत घातले आणि लाकडी चमच्याच्या पाठीने घासत राहिले. माझी आई तसाच करायची, तिच्याकडे कुठला मिक्सर. गर खाली उतरायला वेळ लागतो, बिया वर साचतात, चाळणी सारखी धुवावी लागते. मग मलमल. मग परत. घड्याळात तासाच्या वर वेळ गेला. मनगट सुजलं. पण ग्लास भरला, आणि फिक्री प्याला, एकदाही तोंड न मिटता. वर कुणाला काही कळलं नाही. करता येत होतं. मला येत होतं. माझ्याने होत होतं.

बुधवारी मी सकाळी शाळेत गेले, कारण रजा संपलेल्या होत्या. दुपारी आले, फिक्रीची चादर बदलली, ती बादलीत भिजवली, वर जाऊन अर्धा तास कप विसळले, खाली आले. पेरू ओट्यावर होते. चाळणी तारेवर टांगलेली होती. मी तिच्याकडे बघितलं. मग मिक्सरकडे. पुढचं मी कितीदा आठवलं असेल; तरी मला तिथे विचार असा सापडत नाही. राग नव्हता, घाई नव्हती, फिक्री ओरडतही नव्हता, तो झोपला होता. फक्त खांद्यापासून खाली हात नकोसा झाला होता. मी टॉवेल आणला. म्हणजे मला माहीत होतं. ज्याला माहीत नसतं तो टॉवेल आणत नाही.

संध्याकाळी मी वर गेले. न जाणं म्हणजे कबूल करण्यासारखं. दारातच शाकिरची बहीण, हज करून आलेली म्हणून हाग्गा सनिय्या, चपला ओळीत लावत होती. तिची जीभ सगळ्या शुब्राला माहीत होती. "या, या," ती म्हणाली. "खाली लग्न कुणाचं आहे? आम्हाला आमंत्रण नाही ते." मी म्हटलं, "हाग्गा, फिक्रीला गिळता येत नाही, तुम्हाला माहितीये." "माहितीये ना. माझ्या भावालाही आता काही गिळता येत नाही." बायकांनी माना खाली घातल्या. तफिदा कोपऱ्यात बसली होती, काळ्या ओढणीत तिचा चेहरा लहान झालेला. तिने वर बघितलं आणि विचारलं, "फिक्री जेवला?"

तिने एवढंच विचारलं. आवाजात काही नव्हतं. रोज खिडकीतून विचारायची तसंच. आणि मी म्हणाले, "हो गं. काय करणार, नाहीतर उपाशी मेला असता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं जितका वेळ मिक्सर चालला होता तितकाच वेळ. मग म्हणाली, "बरं केलंस." आणि बाजूच्या बाईकडे वळली.

टोपली त्यानंतर आली नाही. मी वाट पाहिली. आधी तीन दिवस संपण्याची, मग चाळिसाव्याची. चाळिसाव्या दिवशी मिक्सर धुऊन, पुसून, वायर नीट गुंडाळून जिन्याने वर घेऊन गेले. तिने दार उघडलं, माझ्या हातातल्या वस्तूकडे बघितलं. "ठेव तुझ्याकडे," म्हणाली. "तुला लागतो." तिच्या मागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि छतावरचा पिवळा डाग दिसत होता. मी म्हटलं, "तफिदा, मी त्या दिवशी..." ती म्हणाली, "गॅसवर दूध आहे." दूध नव्हतं. दूध असतं तर मला खाली वास आला असता.

मग वर्षभर दोन्ही खिडक्या बंद. मध्ये पारवे घरटी करायला लागले. जिन्यात भेट व्हायची. "सकाळ शुभ." "तुझीही." "नग्वा कशी आहे?" "देवाची कृपा." पाच पायऱ्यांवर संपणारं बोलणं. खरं सांगू तर आठवडाभर मी हाताने रस काढला, प्रायश्चित्तासारखा, आणि मग पुन्हा बटण दाबायला लागले. दुखवटा संपला होता, आता कोणी काही म्हणणार नव्हतं. पण प्रत्येक वेळी बटणावर बोट ठेवलं की वर ती कडी फिरताना ऐकू यायची, आणि मी मनातल्या मनात जिन्यात उभी राहून बोलायची. त्याच्या जिवाचा प्रश्न होता. तुझाही नवरा असा असता तर. तुझा तर तसाही अकरा महिने नसायचा. हे वाक्य एकदा मनात आलं आणि मी मिक्सर बंद करून ओट्यावर डोकं टेकलं. फिक्री आतून म्हणाला, "उद्या?" काय झालं, असं विचारत होता. एवढी वर्षं झाली, तो प्रश्नार्थक स्वर माझ्या कानात आहे. त्याला सांगावं असं फार वाटलं. त्याने ती चूक बरोबर शोधली असती, जिभेच्या टोकावर आणून बशीच्या काठावर ठेवली असती. मी त्याला म्हणाले, "काही नाही. दमलेय." हे मी त्याला सांगू शकले. वरच्या मजल्यावर तेवढंच सांगायचं होतं.

लोक मला धीर द्यायला यायचे. "अब्ला, तुझ्यासारखी बायको मिळायला पुण्य लागतं." मी ऐकून घ्यायची. त्या वर्षात मी कोणाकडे एक चमचाभरही रस प्याले नाही, स्वतःच्या घरचाही नाही. ग्लासच्या तळाला राहिलेला मोरीत ओतायची. दमणं किती हळूहळू माणसाच्या जागी येऊन बसतं, ते मला त्या वर्षी कळलं. आरशात केस विंचरताना वाटायचं, ही कोण, हिला घरी जाऊ द्या.

फिक्री पुढच्या ऑक्टोबरात गेला, पेरू बाजारात येऊन आठवडा झाला होता तेव्हा. पहाटे. अर्धा ग्लास रात्रीचा फ्रिजमध्ये राहिला होता. शेवटचा शब्द कोणता असं लोकांनी विचारलं, आणि मी सांगितल्यावर बायका रडल्या, त्यांना त्यात काही तरी मोठं दिसलं. त्याला कूस बदलून हवी होती.

तफिदा आली. सगळे येतात तशी. काळे कपडे घालून माझ्या स्वयंपाकघरात तीन दिवस कप विसळत होती, मी एका बाजूने शिरले की दुसऱ्या बाजूने निघत होती. "त्याचं उरलेलं आयुष्य तुला लाभो," म्हणाली आणि गालाला गाल लावला. तिचा गाल थंड होता. इमारतीत रेडिओ बंद, लसूण बंद. माझी बहीण तांता शहराहून आली होती, ती ताटं समोर आणायची आणि परत न्यायची. घशाखाली काही उतरत नव्हतं. दीड वर्ष दुसऱ्याला गिळायला लावून मी स्वतः विसरले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी बायका गेल्या, बहीण आडवी झाली. मी रिकाम्या पलंगाशेजारी, माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसले होते. साडेचार वाजले. हात आपोआप मांडीवरून उठले, कामाला लागायला, आणि तिथेच थांबले.

तेव्हा स्वयंपाकघराच्या काचेवर टकटक झाली.

मला वाटलं पारवा. पुन्हा टकटक. मी गेले, फटीतलं फडकं ओढून काढलं, वर्षभराच्या धुळीने खिडकी चिकटली होती, ती दोन हातांनी ढकलली. टोपली हवेत हलत होती. तिच्यात स्टीलची बरणी, वर बशी झाकलेली. बशी उचलली तर पेरूचा रस. मी वर बघितलं. तफिदाचे दोन्ही हात दोरीवर, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेल्या, आणि बोटं पांढरट, सुरकुतलेली, धुण्याला बसल्यावर होतात तशी. तिचा चेहरा उजेडाच्या विरुद्ध होता.

"पी," ती म्हणाली.

मी बरणीच तोंडाला लावली. त्यात दूध होतं, साखर बेताची होती. पहिला घोट मी जिभेवर फिरवला, सवयीने, त्याच्यासाठी चाखायची तसा. एक बी नव्हती. एक कण नव्हता. आणि गेल्या तीन दिवसांत वरून काही आवाज आला नव्हता. मिक्सर तर माझ्याकडेच होता.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"सव्वा तास. मनगट मोडलं माझं. तुला त्या मंगळवारी किती लागला होता?"

मला मंगळवार कुठला ते विचारावं लागलं नाही. "तेवढाच."

"मला माहीत होतं. मंगळवारी आवाज नव्हता, आणि फिक्री जेवला होता. मी घरात मेलेलं माणूस घेऊन बसले होते, पण कान तुझ्याच घराकडे होते की तो उपाशी राहिला का. माझ्यामुळे राहिला का. मंगळवारी तू हाताने केलंस, तेव्हा मला वाटलं, ही एक बाई आहे माझी. बुधवारी काय झालं?"

"दमले होते."

"एवढंच?"

"एवढंच, तफिदा. तो मेला नसता. मी दमले होते."

खाली कोणाकडे तरी नळ ठिबकत होता. मग ती म्हणाली, "गाढवी. हे तेव्हा वर येऊन म्हणाली असतीस तर मी त्या सनिय्यालाच खाली पाठवलं असतं पेरू घासायला. निदान अर्धा दिवस तिचं तोंड तरी बंद राहिलं असतं."

मला हसू आलं. तीन दिवसांच्या उपाशी पोटात ते दुखलं. वर तीही ओठ दाबून धरत होती, कारण दुखवट्याचा तिसरा दिवस, आणि मनवरमध्ये सगळं सगळ्यांना ऐकू जातं. "संपव," ती कुजबुजली, "आणि बरणी धुवून पाठव. अशी चिकट पाठवू नकोस, तुझी सवय आहे."

हाग्गा सनिय्या त्यानंतर अठरा वर्षं जगली आणि शेवटची तीन तिला दात नव्हते; तफिदा तिला आंबा गाळून द्यायची, नव्या मिक्सरने, मुद्दाम खिडकी उघडी ठेवून. नग्वा दंतवैद्य झाली, मन्सूरा शहरात तिचा दवाखाना आहे, फोन करते तेव्हा आधी माझ्या दातांची चौकशी करते, मग माझी. तांताची माझी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. नारिंगी मिक्सरची मोटर एक्क्याण्णव साली जळाली, शाकिर असता तर दुरुस्त केली असती असं आम्ही दोघींनी एकाच वेळी म्हटलं. त्याच्या काचेच्या भांड्यात मी आता लाकडी चमचे ठेवते. तफिदा दोन हजार नऊच्या हिवाळ्यात गेली, झोपेत, मनगटं शेवटपर्यंत दुखत असल्याची तक्रार करत. तिने घर तीनदा रंगवून घेतलं, पण रंगाऱ्याला स्वयंपाकघराच्या छताला हात लावू दिला नाही. तिच्या मागे घर विकलं गेलं तेव्हा नव्या माणसांनी तो डाग पहिल्याच दिवशी रंगवला. मला वरून रंगाचा वास आला.

आता तिथे एक तरुण जोडपं राहतं. मुलगा व्यायामशाळेत जातो, सकाळी सहाला त्यांचा मिक्सर सुरू होतो, कसली कसली पूड आणि केळी घालून. खूप वेळ चालतो, एवढा वेळ केळ्याला लागत नाही. त्याची बायको जिन्यात भेटली की म्हणते, "आजी, आमच्या आवाजाने झोपमोड होते का हो?" मी एक्क्याऐंशीची आहे, झोप कुठली मोडायची. मी नाही म्हणते. सकाळी मी खिडकी उघडी ठेवून ओट्याशी उभी असते, आवाज थांबेपर्यंत. मग वरची कडी ऐकू येते का बघते. त्यांनी नवी खिडकी बसवली आहे, सरकणारी. तिला कडीच नाही.